बायोस अपडेटनंतर डेस्कटॉप चालू होत नाही: बोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: डेस्कटॉपचं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) अपडेट केलं, शंभर टक्के झालं, मशीन स्वतःहून रीस्टार्ट झालं आणि तेव्हापासून पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड गेला का? आणि गेला नसेल, तर कुठून सुरुवात करायची?

बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो. अपडेट शंभर टक्क्यांपर्यंत पोचून मशीन आपणहून रीस्टार्ट झालं असेल, तर फर्मवेअर, म्हणजे हेच बायोस, चिपवर नीट लिहिलं गेल्याची शक्यता खूप जास्त. बिघडतात त्या सेटिंग्ज. अपडेट बहुधा सगळ्या सेटिंग्ज फॅक्टरी डिफॉल्टवर नेऊन ठेवतं, आणि तुमचं मशीन मात्र डिफॉल्टपेक्षा वेगळ्या सेटिंग्जवर चाललेलं असतं. त्या कोणत्या होत्या हे आता आठवत नाही, एवढीच खरी अडचण. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. ज्यात काही गमावायचं नाही ते आधी, आणि जे केल्यावर मागे फिरता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय

कॅबिनेट उघडण्याआधी एक साधी चाचणी करा. वायरचा कीबोर्ड मागच्या यूएसबी २.० पोर्टला लावा, मशीन चालू करा, दोनेक मिनिटं जाऊ द्या आणि कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर चालतोय, रॅम ओळखली गेली आहे, फर्मवेअरही जिवंत आहे. मग प्रश्न फक्त डिस्प्लेचा किंवा बूटचा उरतो. दिवा ढिम्म असेल तर मशीन पोस्टच्या (चालू होताना मशीन स्वतःची करतं ती तपासणी) आधीच कुठेतरी अडकलंय. ब्लूटूथ कीबोर्डवर ही चाचणी होत नाही, कारण या टप्प्यावर ब्लूटूथ सहसा चालूच नसतं.

बोर्डावर चार छोटे एलईडी आहेत का तेही बघा, बहुधा पॉवरच्या मुख्य, २४ पिनच्या कनेक्टरजवळ असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असं छापलेलं असतं. जो दिवा लागून राहतो तिथे गाडी थांबलेली असते. शेवटचा बूटचा दिवा लागून राहिला तर आनंद माना: हार्डवेअर सगळं पार झालंय, फक्त बूट करायला डिस्क सापडत नाहीये.

म्हणजे तीन वाटा झाल्या. पोस्टच होत नाही, पोस्ट होतं पण डिस्प्ले दिसत नाही, आणि डिस्प्ले येतो पण विंडोज किंवा लिनक्स उघडत नाही. तिसऱ्या वाटेवर असाल तर मधले तीन भाग सोडून थेट ‘डिस्प्ले आहे, विंडोज नाही’ या भागावर जा.

आधी थांबा

डीडीआर५ रॅम असलेल्या बोर्डांना, त्यातही एएमडीच्या एएम५ सॉकेटवाल्यांना (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा), अपडेटनंतरच्या पहिल्या स्टार्टला वेळ लागतो. फर्मवेअरजवळ रॅमच्या टायमिंगची जुनी जुळणी साठवलेली असते. अपडेटनंतर ती निरुपयोगी होते आणि सगळं ट्रेनिंग, म्हणजे ती जुळणी, नव्याने करावं लागतं. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते, डीरॅमचा दिवा लागलेला असतो आणि मशीन अगदी मेल्यासारखं दिसतं. रॅमच्या दोन कांड्या असतील तर काही मिनिटांत भागतं. चार कांड्या किंवा मोठ्या क्षमतेची रॅम असेल तर त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. मशीन दोन-तीनदा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं, तेही नॉर्मलच आहे.

घड्याळ लावून पंधरा मिनिटं काही करू नका. तिसऱ्या मिनिटाला पॉवर बटण दाबलं की ट्रेनिंग अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं आणि ‘प्रत्येक वेळी तेच होतंय’ असं वाटत राहतं. बटण दाबणाराच ते घडवत असतो.

डिस्प्ले नाही: केबलपासून सुरुवात

कंटाळवाणं वाटेल, पण मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते आधी बघा. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेला असेल आणि तो इतके दिवस चालत असेल, तर बायोसमध्ये कोणीतरी इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स मुद्दाम चालू ठेवलं होतं. अपडेटनंतर ते सेटिंग डिफॉल्टवर जातं आणि कार्ड दिसलं की बोर्डावरचं आउटपुट बंद होतं. केबल कार्डाला लावा. डिस्प्लेपोर्टवर काही मॉनिटर पोस्टच्या वेळी जागेच होत नाहीत, तेव्हा एकदा एचडीएमआयने लावून पाहा.

दुसरं कारण सीएसएमचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बायोसशी जुळवून घेणाऱ्या सेटिंगचं. जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या व्हीबायोसमध्ये (कार्डाचं स्वतःचं बायोस) यूईएफआयचा, म्हणजे बायोसच्या आजच्या पद्धतीचा, भागच नसतो. अशी कार्डं सीएसएम चालू असेल तरच पोस्टच्या वेळी चित्र दाखवतात. नव्या फर्मवेअरमध्ये सीएसएम डिफॉल्टने बंद असतं. प्रोसेसरमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा, बोर्डाच्या आउटपुटवरून बायोसमध्ये जा, सीएसएम चालू करा आणि मग कार्ड परत बसवा. इंटिग्रेटेड ग्राफिक्स नसेल तर एखादं नवीन कार्ड तासाभरासाठी मागून आणण्याला पर्याय नाही. इंटेलच्या ५०० सीरीज चिपसेटपासून पुढे इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर सीएसएम चालत नाही, त्यामुळे त्या बोर्डांवर हा मार्ग अर्धा बंदच आहे.

सीमॉस क्लिअर, पण नीट

बायोसच्या सेटिंग्ज डिफॉल्टवर आणायचा हा उपाय सगळे सांगतात आणि बरेच जण अर्धवट करतात. नीट करायचा तो असा.

मशीन बंद करा, एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) मागचा स्विच बंद करा आणि पॉवर कॉर्ड उपसून काढा. नुसता स्विच बंद करून पुरत नाही असं नाही, पण कॉर्ड हातात असली की शंका उरत नाही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. पंखा क्षणभर हलला तर तो कपॅसिटरमधला उरलेला चार्ज. आता बोर्डावर सीएलआर-सीमॉस, सीएलआर-टीसी किंवा जे-बॅट१ असं छापलेल्या पिना शोधा. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्हींना ५-१० सेकंद एकत्र टेकवा. तीन पिना आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर टोपी १-२ वरून काढून २-३ वर लावा, दहा सेकंदांनी परत १-२ वर. टोपी २-३ वरच राहिली तर काही बोर्ड चालूच होत नाहीत, आणि मग माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

पिना सापडत नसतील तर सेल काढा. तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, आणि पुष्कळदा नेमका ग्राफिक्स कार्डाच्या खाली. बाजूची क्लिप नखाने मागे सारली की तो उसळून वर येतो. पाच मिनिटं बाहेर ठेवा. तेवढ्यात मल्टिमीटरने मोजून घ्या: ३ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, २.८ च्या खाली असेल तर नवा घाला. परत बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. काही छोट्या बोर्डांवर सेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन वायरींवर लावलेला असतो, तिथे कनेक्टर उपसायचा.

याने काय होतं आणि काय होत नाही, ते समजून घ्या. आजच्या बोर्डांवर बहुतेक सेटिंग्ज सेलवर चालणाऱ्या मेमरीत नसतात, त्या बायोसच्याच फ्लॅश चिपमध्ये वेगळ्या जागी असतात. सीमॉस क्लिअर केल्यावर फर्मवेअरला फक्त एवढंच कळतं की ‘आधीचं मानू नकोस, डिफॉल्ट घे’. हे कळायलाही फर्मवेअरचा कोड चालावा लागतो. कोडच खराब झाला असेल तर सेल आठवडाभर बाहेर ठेवूनही फरक पडणार नाही. म्हणून हे दोनदा नीट करून झालं की तिसऱ्यांदा करण्यात वेळ घालवू नका.

क्लिअर केल्यावर पहिल्यांदा चालू करताना रॅमची एकच कांडी ठेवा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसरा, म्हणजे बोर्डावर ए२ छापलेला. पुन्हा पंधरा मिनिटं. नाही जमलं तर दुसरी कांडी त्याच स्लॉटमध्ये. सोबत जादा यूएसबी उपकरणं आणि ज्यात विंडोज नाही त्या डिस्क काढून ठेवा. बायोसच्या काही आवृत्त्या एखाद्या यूएसबी हबवर किंवा कार्डरीडरवर अडकून बसतात.

एवढं करूनही सीपीयूचा दिवा लागून राहत असेल तर एका गोष्टीची खात्री करा: तुमचा प्रोसेसर नव्या आवृत्तीत चालतो का? हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण नवीन बायोस म्हणजे जास्त प्रोसेसर, असाच समज असतो. पण एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या अनेक बोर्डांवर फ्लॅश चिप १६ एमबीची होती, आणि रायझनच्या नव्या पिढ्यांसाठी जागा करताना कंपन्यांनी काही आवृत्त्यांमधून ब्रिस्टल रिजसारख्या जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढून टाकला. बोर्डाच्या सपोर्ट पानावर प्रोसेसरची यादी असते, आवृत्तीच्या माहितीत इशाराही असतो. ‘आधी अमुक आवृत्ती टाका, मगच ही’ अशी पायरीची अटही तिथेच लिहिलेली सापडते. अशा वेळी बोर्ड ठणठणीत असतो, त्याला फक्त प्रोसेसर ओळखता येत नाही. उपाय पुढे आहे, फ्लॅशबॅकने जुनी आवृत्ती टाकायची.

डिस्प्ले आहे, विंडोज नाही

इथे येऊन पोचलात तर बहुतांश काम बायोसच्या मेन्यूत होतं. पण आधी दोन ठिकाणी हात आवरा.

पहिलं ठिकाण एएमडीच्या मशीनवरचं. काळ्या स्क्रीनवर एफटीपीएमबद्दल (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सुरक्षित जागा, म्हणजे टीपीएम) इंग्रजीत चार ओळी येतात: त्याची रचना बदलली आहे किंवा खराब झाली आहे, वाय दाबलं तर रीसेट होईल, एन दाबलं तर जुनी नोंद तशीच राहील. वाय दाबलं की आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय डिस्क उघडणार नाही. की हातात नसेल तर एनच दाबा. ‘मी कधी बिटलॉकर चालू केलंच नाही’ यावर विसंबू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. ऑफिसचं मशीन असेल तर आयटी विभागाकडे असते. स्क्रीनवरचा की आयडी आणि खात्यातल्या कीचा आयडी जुळतोय ना ते बघून घ्या, कारण एकाच खात्यात तीन-चार मशीनच्या की असतात.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरने की मागितली, तरी ती टाकायच्या आधी बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम (इंटेलवर पीटीटी) आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं सेटिंग) पूर्वीसारखे चालू आहेत का ते बघा. नुसतं सेटिंग बंद झालं असेल आणि टीपीएम पुसला गेला नसेल, तर ते पुन्हा चालू केल्यावर अनेकदा की मागितलीच जात नाही.

दुसरं ठिकाण रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीचं. डिस्क रेडमध्ये होत्या आणि आता सुट्ट्या दिसतायत, तर कोणी विचारलं तरी ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘क्रिएट ॲरे’ करू नका. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. बायोसमध्ये साटा किंवा एनव्हीएमई मोड (डिस्क जोडणीचं सेटिंग) परत रेडवर नेला की ॲरे जसाच्या तसा समोर येतो.

याच सेटिंगची साधी आवृत्ती रेड नसलेल्या मशीनवरही त्रास देते. विंडोज एका मोडमध्ये इन्स्टॉल झालेलं असतं आणि अपडेटनंतर मोड बदलतो, एएचसीआयचा (रेड नसलेला साधा मोड) रेड किंवा उलट. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढे यात व्हीएमडी नावाच्या (एनव्हीएमई डिस्क सांभाळणाऱ्या) स्विचची भर पडली आहे. खूण अगदी ठळक: विंडोजचा लोगो येतो, गोल फिरतं, आणि मग ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेली निळी स्क्रीन. डिस्क ठीक असते, विंडोजही ठीक असतं, फक्त त्या मोडचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होत नाही. मोड उलटा करून बघा. आधी कोणता होता हे माहीत नसेल तरी दोन्ही बघायला हरकत नाही. मोड बदलल्याने डेटा जात नाही, घाबरून ‘रीसेट धिस पीसी’ केल्याने जातो. दोन-तीनदा बूट फसलं की विंडोज स्वतःच रिपेअरचा मेन्यू समोर आणतं आणि तो पर्याय तिथे अगदी हाताशी असतो.

डिस्क बायोसमध्ये दिसते, पण बूटच्या यादीत नसेल तर दोन शक्यता. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर टाकलेलं असेल, तर सीएसएम बंद झाल्यावर ती डिस्क बूटच्या यादीतून नाहीशी होते. सीएसएम चालू करा, विंडोज उघडेल. नंतर सवडीने, बॅकअप घेऊन, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घ्या. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ते सोबतच येतं. दुसरी शक्यता म्हणजे यूईएफआयच्या यादीतली ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद पुसली गेली. बायोसच्या शेवटच्या पानावर बूट ओव्हरराइडमध्ये डिस्कचं नाव दिसतं, ते निवडून एकदा उघडलं तर विंडोज बहुधा आपली नोंद स्वतःच परत लिहितं.

नाही लिहिलं तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून बूट करा आणि पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट-एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल. डिस्कपार्ट या टूलमध्ये जाऊन व्हॉल्यूमची यादी बघा. साधारण १०० एमबीचा, फॅट३२ फॉरमॅटचा जो छोटा भाग आहे तो ईएफआयचा. त्याला झेड हे अक्षर द्या आणि बाहेर या. मग बीसीडीबूट या कमांडला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोज फोल्डरचा पत्ता, /एस नंतर झेड ड्राइव्ह, आणि /एफ नंतर यूईएफआय. कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. एक खोच अशी की या वातावरणात विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही, डी किंवा ई असू शकतो. आधी डीआयआर या कमांडने ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ हे फोल्डर कुठे आहेत ते बघून घ्या.

लिनक्सवाल्यांचंही असंच. नोंद पुसली गेली तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआरने ती परत जोडा, नाहीतर क्रूट करून ग्रब पुन्हा बसवा. सिक्युअर बूट डिफॉल्टने चालू झालं असेल तर स्वतः बिल्ड केलेले, सही नसलेले मॉड्यूल (एनव्हिडियाचा ड्रायव्हर हे नेहमीचं उदाहरण) लोड होणार नाहीत आणि डेस्कटॉपऐवजी काळी स्क्रीन येईल. आणि मशीन पूर्ण उघडूनही नेटवर्क नसेल तर नेटवर्क कार्डाचं नाव बघा. नव्या फर्मवेअरने पीसीआय बसचे क्रमांक बदलले की नावातला आकडाही बदलतो, आणि जुन्या नावावर लिहिलेलं कॉन्फिगरेशन लागू होत नाही. स्क्रीन न लावलेल्या सर्व्हरवर याला लोक ‘बूटच होत नाही’ समजतात.

एका स्लॉटमध्ये चार एनव्हीएमई बसवायचं कार्ड असेल आणि त्यातली एकच दिसत असेल, तर बायफर्केशन (एका स्लॉटच्या लेन अनेक डिस्कांत वाटणारं सेटिंग) डिफॉल्टवर गेलंय. त्या स्लॉटला परत चार-चार-चार-चार करा.

फ्लॅशबॅक: प्रोसेसर न वापरता बायोस टाकणं

पोस्ट होत नाही आणि सीमॉस क्लिअरनेही फरक पडला नाही, तर बोर्डाच्या मागच्या पोर्टांमध्ये एक छोटं बटण शोधा. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. अपडेट मध्येच वीज जाऊन अर्धवट राहिलं असेल तर हाच पहिला उपाय. बोर्डावरचा एक स्वतंत्र कंट्रोलर पेन ड्राइव्हवरची फाइल थेट चिपवर लिहितो. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यातलं काहीच लागत नाही, असलं तरी बिघडत नाही.

फसतं ते जवळजवळ नेहमी पेन ड्राइव्हच्या तयारीत:

१. ८ किंवा १६ जीबीचा साधा यूएसबी २.० पेन ड्राइव्ह घ्या, एकच पार्टिशन, एमबीआर, फॅट३२. ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, ते कंट्रोलरला वाचता येत नाहीत.

२. दुसऱ्या मशीनवर कंपनीच्या साइटवरून नेमक्या तुमच्याच बोर्डाची फाइल उतरवा. वायफाय असलेलं आणि नसलेलं मॉडेल वेगळं असू शकतं. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात रिव्हिजन छापलेलं असतं (१.०, १.२ असं), तेही जुळायला हवं. झिप उघडा, झिप तशीच टाकू नका.

३. फाइलचं नाव बदला. एमएसआयला ‘एमएसआय.रॉम’, गिगाबाइटला ‘गिगाबाइट.बिन’, एएसरॉकला ‘क्रिएटिव्ह.रॉम’, सगळी इंग्रजी अक्षरांत. असूसच्या झिपमध्ये बायोस रीनेमर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, तो चालवला की नाव आपोआप बदलतं. बदलायच्या आधी विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं करून घ्या. ती लपलेली असली तर तुम्हाला बरोबर दिसणारं नाव प्रत्यक्षात ‘एमएसआय.रॉम.रॉम’ झालेलं असतं, आणि बोर्ड फाइल सापडली नाही म्हणून गप्प बसतो.

४. पेन ड्राइव्ह मागच्या नेमक्या पोर्टमध्ये लावा. त्या पोर्टभोवती चौकट किंवा फ्लॅशबॅक असं छापलेलं असतं, शेजारचा चालत नाही.

५. २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची, दोन्ही पॉवर केबल लावलेल्या हव्यात. एसएमपीएसचा स्विच चालू, मशीन बंद. मग बटण साधारण तीन सेकंद दाबा.

दिवा लुकलुकू लागला की काम सुरू. पाच ते दहा मिनिटं धरा, दिवा पूर्ण विझेपर्यंत कशालाही हात लावू नका. असूसवर दिवा पाचेक सेकंद लुकलुकून मग स्थिर लागून राहिला, तर फाइल स्वीकारली गेली नाही. नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकलंय. बोर्डाला दोष देण्याआधी पेन ड्राइव्ह बदलून बघा, एखादा ड्राइव्ह कंट्रोलरला काही केल्या पटतच नाही.

कोणती आवृत्ती टाकायची? आधी नीट चालत होती तीच, कंपनीने ती साइटवर ठेवली असेल तर. काही बोर्ड सुरक्षेच्या कारणाने एका टप्प्यामागे जाऊ देत नाहीत. तसं असेल तर नवीच पुन्हा टाका.

बटण नसेल तरी लगेच हार मानू नका. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते, काहींवर त्यासाठी छोटा स्विचही. कंपनी-मेड डेस्कटॉपवर वेगळी सोय असते. डेलच्या २०१६ नंतरच्या बहुतेक मॉडेलवर चालू करताना कंट्रोल-एस्केप दाबून धरलं की रिकव्हरी उघडते. एचपीवर विंडोज-बी दाबून धरून पॉवर बटण दाबायचं आणि दोन-तीन सेकंदांनी फक्त पॉवर बटण सोडायचं. लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये बोर्डावर रिकव्हरीचा जंपर असतो, त्याची जागा मॉडेलच्या हार्डवेअर मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

शेवटी चिप

यातलं काहीच चाललं नाही तर चिपवर बाहेरून लिहायचं. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं छोटं यूएसबी उपकरण), आठ पायांच्या चिपवर बसणारी क्लिप, आणि दुसरं मशीन. हे पहिल्यांदाच करत असाल तर रिपेअरवाल्याकडे द्या, असंच माझं मत. तरीही करणार असाल तर या गोष्टी पक्क्या ठेवा.

चिपवरचा नंबर भिंगाने वाचून तिची डेटाशीट बघा. बऱ्याच चिप ३.३ व्होल्टच्या असतात, पण काही बोर्डांवर १.८ व्होल्टच्याही असतात. त्यांना १.८ चा ॲडॅप्टर न लावता ३.३ दिले तर चिप जाते. सीएच३४१ए चं स्वस्तातलं काळं मॉडेल डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतं, ही त्याची जगजाहीर खोड आहे. व्होल्टेज दुरुस्त केलेलं किंवा निवडता येणारं मॉडेल घ्या. पॉवर कॉर्ड काढलेली, सेल काढलेला. क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला.

लिहिण्याआधी वाचा. दोनदा वाचा, आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. वेगळ्या असतील तर क्लिप नीट बसलेली नाही, तशात लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. ही वाचलेली फाइल खराब असली तरी जपून ठेवा. तिच्यात तुमच्या बोर्डाचा मॅक ॲड्रेस, सीरियल नंबर, यूयूआयडी आणि कंपनी-मेड मशीन असेल तर विंडोजची लायसन्स की असते. कुठून तरी मिळालेली दुसऱ्याच्या बोर्डाची फाइल सरळ लिहिली तर मशीन चालू होईल, पण त्याच्या ओळखीने.

लिहायच्या फाइलचा आकार चिपच्या आकाराएवढाच हवा: १६ एमबीच्या चिपला १,६७,७७,२१६ बाइट. असूसची कॅप फाइल बहुधा २०४८ बाइटनी मोठी भरते, तो सुरुवातीचा कॅप्सूल हेडर असतो, यूईएफआयटूलने उघडून तो वगळावा लागतो. डेल-एचपीच्या साइटवरची अपडेट फाइल म्हणजे पूर्ण चिपची प्रत नसते, ती तशीच चिपवर लिहून काही होत नाही.

मशीन उघडल्यावर

सेव्ह केलेलं जुनं बायोस प्रोफाइल लोड करू नका. ते जुन्या आवृत्तीचं असतं, नव्या आवृत्तीत पर्यायांची मांडणी बदललेली असू शकते, आणि त्यातूनच मशीन पुन्हा काळ्या स्क्रीनवर जातं. सेटिंग्ज हाताने भरा, एका वेळी एक, आणि दर वेळी सेव्ह करून रीस्टार्ट. आधी साटा मोड, टीपीएम आणि सिक्युअर बूट, मग पंख्यांच्या मर्यादा. ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून एफ१ मागणारी मशीन्स बहुधा पंप किंवा हळू फिरणाऱ्या पंख्यामुळे अडलेली असतात. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या जाहीर केलेल्या वेगाने चालवणारं प्रोफाइल) अगदी शेवटी.

तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या आवृत्तीत ६००० वर चालणारी रॅम नव्या आवृत्तीत त्याच वेगाला अडू शकते, कारण व्होल्टेजच्या मर्यादा आणि ट्रेनिंगची पद्धत बदललेली असते. एएमडीने २०२३ मध्ये रायझन ७००० साठी एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ व्होल्टवर मर्यादित केलं, तेव्हा हा फरक अनेकांना जाणवला. अशा वेळी ५८०० किंवा ५६०० वर उतरवा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, आणि एकही एरर आली नाही तरच त्या मशीनवर काम सुरू करा. बिटलॉकरची की आता कागदावर लिहून ठेवा, आणि पुढचं अपडेट करताना बिटलॉकर आधी सस्पेंड करा, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.